कमान आणि दिंडी

फार फार वर्षांमागे एका राजाने मोठी लढाई जिंकली. फौज नगराच्या वेशीशी येऊन ठेपली, तोच फर्मान आले, "आधी विजयकमान उभी राहील. तिच्याखालून वाजतगाजत आत यायचे. तोवर कोणी आत पाऊल टाकायचे नाही." राजा बोले, दळ हाले, असे म्हणतात. इथे राजा बोलला आणि दळ जागच्या जागी बसले.

त्या फौजेत एका कुंभारणीचा एकुलता लेक होता. मांडीत भाल्याची जखम, अंगात फणफणता ताप. ती भाकरी बांधून वेशीकडे धावली.

"आई, मला घरी ने," लेक म्हणाला.

तटात बाजूला एक दिंडी होती, वाकून जाण्यापुरते छोटे दार. म्हातारा पहारेकरी हळूच म्हणाला, "बाई, त्याला दिंडीतून आत घे. मी पाठ फिरवतो. वैद्याचं घर जवळच आहे."

कुंभारणीने दिंडीकडे पाहिले. दंड झालेले, तोंड लपवणारे तिथून येत. जन्मभर तिने डोक्यावर मडकी वाहिली होती, मान असा कधी मिळालाच नव्हता.

"जिंकून आलेला माझा लेक चोरासारखा वाकून यायचा नाही, दादा," ती म्हणाली. "बाळा, थोडी कळ काढ. कमानीखालून ताठ मानेने ये. मी भाकरतुकडा ओवाळून तुझी दृष्ट काढीन."

"बरं," लेक म्हणाला. आईचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

कमान चढू लागली. राजाला आधी तिच्यावरचे हत्ती कमी वाटले, मग मोर कमी वाटले. पाथरवट घडवत राहिले आणि इकडे जखम चिघळत गेली. लेकाच्या तोंडात घास जाईना, तेव्हा कुठे ती माउली ओरडली, "दादा, उघडा हो दिंडी!"

दिंडी उघडली. खांदेकरी वाकले आणि लेकाला आत घेऊन आले. पण तोवर त्याचा प्राण गेला होता.

पुढे कमान झाली. नगारे वाजले, फुले उधळली. कुंभारीण भाकरतुकडा हातात घेऊन उभी होती. शेवटचा शिपाई गेला तरी ती हलेना.

"घरी चल, बाई," पहारेकरी म्हणाला.

"हा कुणावरून ओवाळू, दादा?" तिने विचारले.

राजा गेला, राज्यही बुडाले. कमान मात्र जुन्या वेशीत अजून उभी आहे. परगावचे लोक माना वर करून हत्ती-मोर पाहतात. त्या नगरातल्या आया लेकरांना घेऊन दिंडीतूनच वाकून जातात, आणि जाताना तिथे भाकरीचा एक तुकडा ठेवतात.

लहानांनो, आणि थोरांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: मानाची वाट पाहत आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवू नये.