उघड्या तोंडाचे फुगोळे

आज कसा वारा पडलाय, आभाळ राखेसारखं मळकट, खाडी तेल ओतल्यागत गप्प; त्या दिवशीही असंच होतं म्हणतात. तुम्ही टेकलात तो तांडेलाचा कातळ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर हळदीच्या पानांवर सात फुगोळे मांडतात. फुगोळा म्हणजे तांदळाच्या पिठाचा, आत सारण भरून वाफेवर फुगवलेला गोळा. वरच्या वाडीवाले त्यात गूळखोबरं भरून तोंड चिमटून बंद करतात. त्याला आम्ही मोदकाचा सावत्र भाऊ म्हणतो. पलीकडच्या तीरावर खिमा भरतात आणि वर आमच्याला नावं ठेवतात. आमच्यात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, नि ओला नारळ, आणि तोंड उघडं. का, ते ऐका.

फार मागे इथे राघो तांडेल होता, होडीवरचा म्होरक्या. माणूस कामाचा, पण जीभ कोयत्यासारखी. एका वादळात गलबत फुटलं आणि त्यावरचा एक खलाशी, चीन देशाचा म्हणे, या कातळाला लागला. राघोने त्याला होडीच्या खोपीत राहू दिलं. उंबऱ्याच्या आत नाही. त्याच्यापाशी उरली होती एक वेताची टोपली.

शेजारी माडी काढणाऱ्याची बायको ठकू राहायची. तिच्याकडची माडी पिठात घालून तो खलाशी ते रात्रभर ठेवी आणि सकाळी सारण भरून, टोपली उकळत्या पाण्यावर धरून वाफवी. एका बंदरात तोंड असं मिटतात, दुसऱ्यात गोड भरतात, तिसऱ्यात उघडंच सोडतात, असं बोटांनी ठकूला दाखवी. राघो बघे आणि थुंके. "तवा नाही, निखारा नाही, घामावर शिजवलेलं अन्न! आमची कुत्रीसुद्धा भाजलेलं खातात."

राघोच्या आईचे, आवडूचे, दात गेलेले. वर्षभर पेजेवर होती. शेवटी तिने पेजेलाही तोंड फिरवलं. "हातात धरून खायला दे रे काहीतरी," एवढंच म्हणे. भाकरी तर चावेना. आईसाठी राघो जीव टाकी, पण करणार काय?

परक्याने ते पाहिलं. दुसऱ्या सकाळी हळदीच्या पानावर एक फुगोळा त्याने उंबऱ्यावर आणून ठेवला. राघोने तो उचलला आणि या कातळावरून खाडीत भिरकावला. "मासे खातील. त्यांना चव कुठे असते!" असं सात दिवस चाललं म्हणतात. तो ठेवी, हा फेकी.

आठव्या दिवशी राघो जाळी घेऊन बाहेर गेलेला. खाडीत एक गलबत गोड्या पाण्यासाठी थांबलं होतं. परका त्यात चढून गेला. जाताना टोपली ठकूच्या हाती दिली, आणि शेवटचा फुगोळा. ठकूने तो थेट म्हातारीच्या हातात ठेवला. आवडूने दोन्ही हातांनी धरून, हिरड्यांनी मोडत, सगळा संपवला. पदरावर सांडलेले सोडेही वेचले.

राघो परतला तर ती उठून बसलेली. म्हणाली, "सात दिवस दारात वास येत होता रे. मला वाटलं, घरात सण आहे आणि मला कुणी विचारत नाही. उद्या आणखी एक देशील?"

राघो मान खाली घालून ठकूच्या दारात गेला. तिने पीठ भिजवून दिलं, माडी घातली. पण पिठाला फुगायला रात्र लागते. ते काही तांडेलाच्या हुकमात नसतं. सकाळी त्याने स्वतः सात फुगोळे केले. तोंडं मिटायला गेला तर त्याला जमेना, तशीच उघडी राहिली. पान घेऊन आत गेला, तर म्हातारी भिंतीकडे तोंड करून थंड पडलेली.

आजही आम्ही फुगोळ्याचं तोंड मिटत नाही. आजही पहिले सात घरात कुणी खात नाही. ते या कातळावर, वाटेने येणाऱ्या परक्यासाठी. कोण, कुठला, विचारायचं नाही. म्हणून म्हणतो, घ्या, निवतील. आणि मांडताना शेजारीण घरधन्याला तेच ऐकवते, जे त्या सकाळी ठकू बोलली. राघो पान हातात धरून तिच्या अंगणात उभा होता. "आता हे कोणाला घालू?" असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली,

"टाक की खाडीत, राघो. हात बसलाय तुझा."