ठिपकीची लाल चिंधी

ऐका हं. कान इकडे, हात पोटावर.

कमळआत्याच्या घरामागे एक पत्र्याची खोली होती. खोलीत जुनी जुनी यंत्रं. मुका रेडिओ. लंगडा पंखा. आत्या ती आणायची, उघडायची, पुसायची. जवळ बसून विचारायची, "काय दुखतंय रे तुझं?"

त्याच खोलीत राहायची ठिपकी. उंदराचं पिल्लू. एवढंसं! नाकावर काळा ठिपका, म्हणून ठिपकी.

ठिपकीची एक चिंधी होती. लाल. मऊ मऊ. चिंधी गालाला लावली, की झोप यायची. चिंधी नसली, की झोप नाही.

एक दिवस ठिपकी जुन्या शिवणमशीनवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. चिंधी तोंडात. खाली बघते तर काय, एक भोक!

"अय्या!" म्हणाली ठिपकी.

तोंड उघडलं, चिंधी निसटली. सर्रकन भोकात गेली.

ठिपकीनं टोक धरून ओढली. येईना. पुन्हा ओढली. येईना. डोळे भरून आले.

"मशीनआजी, मशीनआजी, माझी चिंधी दे ना!"

मशीन म्हणाली, "कशी देऊ बाळा? माझ्या दातांत अडकलीय. चाक फिरेल, तर देईन."

निघाली ठिपकी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा,
मशीन चिंधी देईना.
तू फिर ना!"

चाक म्हणालं, "कर्रर्र! मी गंजलोय. तेलाची बुधली गळेल, तर फिरेन."

निघाली ठिपकी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बुधलीमावशी, बुधलीमावशी,
मशीन चिंधी देईना.
चाक फिरेना.
तू गळ ना!"

बुधली म्हणाली, "गुळुक! माझ्या तोंडात कचरा बसलाय. तार येऊन टोचेल, तर गळेन."

निघाली ठिपकी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तारताई, तारताई,
मशीन चिंधी देईना.
चाक फिरेना.
बुधली गळेना.
तू ये ना!"

तार म्हणाली, "टिंग! मला चुंबकानं धरलंय. चुंबक सोडेल, तर येईन."

निघाली ठिपकी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चुंबकमामा, चुंबकमामा,
मशीन चिंधी देईना.
चाक फिरेना.
बुधली गळेना.
तार येईना.
तू सोड ना!"

चुंबक म्हणाला, "मला धरता येतं गं, सोडता नाही येत. आत्या ओढेल, तर सोडेन."

निघाली ठिपकी. तुरुतुरु, तुरुतुरु.

कमळआत्या जमिनीवर बसली होती. स्क्रू शोधत इकडे चाचपत होती, तिकडे चाचपत होती.

"आत्या, आत्या,
मशीन चिंधी देईना.
चाक फिरेना.
बुधली गळेना.
तार येईना.
चुंबक सोडेना.
तू ओढ ना!"

आत्या म्हणाली, "कोण गं तू? मला काही दिसत नाही. चष्म्याशिवाय मला स्क्रू आणि शेंगदाणा सारखाच! चष्मा मनीच्या पोटाखाली आहे. मी हात लावला, की ती नखं काढते. मनी उठेल, तर दिसेल."

मनी!

मनी म्हणजे मांजर. केवढी मोठी! केवढ्या मिशा!

ठिपकी दोन पावलं मागे सरकली. शेपटी ताठ झाली. पळून जावंसं वाटलं. पण चिंधी आठवली. लाल. मऊ मऊ.

निघाली ठिपकी. हळू... हळू... हळू...

मनीनं एक डोळा उघडला.

"मनीमाऊ, मनीमाऊ,
मशीन चिंधी देईना.
चाक फिरेना.
बुधली गळेना.
तार येईना.
चुंबक सोडेना.
आत्याला दिसेना.
तू ऊठ ना!"

मनी म्हणाली, "म्यांव. माझ्या कानामागे खाजतंय. पाय उचलायचा कंटाळा आलाय. तू खाजवशील, तर उठेन."

"मला खाणार नाहीस ना?"

"आत्ता? अगं, कान खाजतोय माझा!"

ठिपकीनं डोळे घट्ट मिटले. हात पुढे केला. इवलासा हात, इवलीशी नखं. खर्र खर्र खर्र.

"घुर्रर्र," मनी म्हणाली. "घुर्रर्र, घुर्रर्र. अजून थोडं. हां, तिथेच!"

मग काय झालं?

मनी उठली.
आत्याला दिसलं.
चुंबकानं सोडलं.
तार आली.
बुधली गळली. टिप, टिप, टिप.

ठिपकी म्हणाली, "आता फिरव, आत्या, फिरव!"

आत्या म्हणाली, "थांब हं. तेल आत मुरू दे. जोर नाही करायचा. म्हातारी आहे ना ती."

दोघी बसून राहिल्या. मग आत्यानं चाकावर बोट ठेवलं. अगदी हलकेच.

कर्रर्र... कर्र... कुर्र... सुर्र!

चाक फिरलं.
मशीननं चिंधी दिली!

पण चिंधी मधोमध फाटली होती. एक तुकडा इकडे, एक तुकडा तिकडे. ठिपकीचा ओठ थरथरला.

"अगं, रडू नको," आत्या म्हणाली. "आता आपली मशीन चालते की!"

आत्यानं दोरा ओवला. दोन्ही तुकडे सुईखाली ठेवले. टक टक टक टक. कितीतरी वर्षांनी मशीनआजी शिवत होती. हसत हसत शिवत होती. टक टक टक टक. तुकड्याला तुकडा जोडला.

ठिपकीनं चिंधी गालाला लावली. चिंधीला तेलाचा वास येत होता. मधे टाक्यांची एक बारीक रेघ होती. ठिपकीनं रेघेवरून नाक फिरवलं. एकदा इकडून. एकदा तिकडून.

"हं," म्हणाली. आणि जांभई दिली.

आता हळू बोलायचं हं. ठिपकी झोपलीय.