दोन धुरंधर, एक रस्ता

"रस्ता कुठे गेला?" दुर्गसेन महाराजांनी रथातून डोकं बाहेर काढून विचारलं.

मी खाली पाहिलं. माझा रस्ता माझ्या पायाशीच संपला होता. पुढे नुसती ढेकळं आणि गुडघाभर गवत. त्या पडीक रानाच्या पलीकडे, चांगलाच डाव्या अंगाला, येसाजीरावांचा रस्ता आ वासून थांबला होता.

मी नारोपंत, सोनखांब परगण्याचा राजमार्गरचनाधुरंधर. पदवी एवढी लांब, की एखादा रस्ता संपतो पण ती संपत नाही! येसाजीराव शेजारच्या वाघोटी परगण्याचे धुरंधर. आमचे दोन रस्ते शिवेवर एकमेकांना मिळायचे होते. राज्यभरच्या रस्तेवाल्यांचं आणि पूलवाल्यांचं यंदाचं संमेलनही मुद्दाम इथंच ठेवलं होतं. झाडून सगळे पाहुणे हजर होते. हजर नव्हता तो फक्त रस्ता.

"दरवर्षी संमेलन भरवतो मी!" महाराज कडाडले. "एकमेकांकडून चार गोष्टी शिकाव्यात म्हणून! गेल्या वर्षी तुम्ही दोघे कुठे बसला होतात?"

"शेजारी शेजारी, महाराज."

"मग बोललात काय?"

"मी त्यांना शाल दिली. त्यांनी मला नारळ दिला."

"आणि रस्त्याबद्दल?"

आम्ही दोघांनी आभाळाकडे पाहिलं. मला वाटलं होतं, येसाजीराव वळतील. त्यांना वाटलं होतं, मी वळेन. विचारायला तोंड होतं, पण त्यात लाडू होता!

"उद्या सूर्य मावळायच्या आत माझा रथ या रस्त्यावरून त्या रस्त्यावर गेला पाहिजे," महाराज म्हणाले. "आणि कुदळ, फावडं, घमेलं, काही म्हणजे काही जमिनीला लागता कामा नये! नाहीतर दोघांनी जन्मभर खडी फोडायची. आणि संमेलन कायमचं बंद!"

या हातांनी आजवर फक्त हारतुरे उचललेले! मी ताबडतोब एक समिती नेमली. येसाजीरावांनी माझ्या समितीवर देखरेख करायला दुसरी नेमली. दोन्ही समित्यांनी मिळून चहूबाजूंनी विचार केला आणि शेवटी एकमतानं ठरवलं, की प्रश्न फार गंभीर आहे.

तेवढ्यात शिवेवरच्या कुंभाराची लेक रंगू संमेलनाचे माठ घेऊन आली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पंत, माझी निम्मी गाडगी या ढेकळांत फुटली. आता तुमचंही नशीब फुटलंय म्हणे!"

"थट्टा पुरे, रंगू. उपाय असला तर सांग."

"उद्याची पंगत कुठं बसायची?"

"माझ्या टोकाला," मी म्हणालो.

"छट्! माझ्या टोकाला!" येसाजीराव गरजले.

"मग भांडता कशाला? जेवण येसाजीरावांकडं, पिण्याचं पाणी पंतांकडं. शाल पंतांकडं, नारळ येसाजीरावांकडं. जिलबी इकडं, मठ्ठा तिकडं. विडा इकडं, चुना तिकडं!"

"अगं, पाहुणे वैतागतील!"

"वैतागू द्या की. फुकटची जिलबी सोडून कोण जातंय?"

आणि खरंच कुणी गेलं नाही! दुसऱ्या दिवशी सकाळपासून जी ये-जा सुरू झाली ती थांबेचना. घास तिकडे, घोट इकडे. ठसका लागला की धुरंधर धोतर सावरत धावत सुटायचे. मागून भाताच्या पातेल्यांच्या गाड्या, लाकडांच्या गाड्या, बैल, घोडे, संमेलनाच्या अध्यक्षांचा हत्ती! तोही पाणी प्यायला इकडे आणि ऊस खायला तिकडे. गवत आडवं झालं, ढेकळांचा भुगा झाला.

आणखी एक नवल घडलं. बसलो असतो तर आम्ही मानाप्रमाणे बसलो असतो. चालताना कुठला आलाय मान? ज्याच्याबरोबर पाऊल पडलं त्याच्याशी बोलणं आलं. एक पूलवाले घाम पुसत दुसऱ्याला हळूच म्हणाले, "माझा पूल गेल्या पावसात वाहून गेला हो."

"काय सांगता! माझाही गेला! पाया कितपत खोल घेतला होतात?"

मी चकित झालो. इतकी वर्षं संमेलनात आमचा एकही पूल कधी पडला नव्हता!

जिलबीच्या वाटेवर मला येसाजीराव भेटले. मठ्ठ्याचा पेला सांभाळत म्हणाले, "पंत, मला वाटलं होतं तुम्ही वळाल."

"अहो, मलाही वाटलं होतं तुम्हीच वळाल!"

आम्ही तिथंच थांबून पोट धरून हसलो. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

दिवस कलता कलता महाराजांचा रथ निघाला. माझा रस्ता संपला, आणि रथ तुडवलेल्या, घट्ट झालेल्या वाटेवरून अलगद येसाजीरावांच्या रस्त्याला लागला. महाराजांच्या हातातला सरबताचा पेलासुद्धा हिंदकळला नाही!

"कुदळ कुणी चालवली?" त्यांनी डोळे वटारले.

"कुणी नाही, महाराज," रंगू म्हणाली. "हे जेवले, अन् चालले."

"मग आखणी कुणाची?"

मी छाती पुढे काढून पाऊल टाकलं. "महाराज, मूळ संकल्पना पाहू जाता..."

"कुणाचीच नाही, महाराज!" रंगू मध्येच म्हणाली. "आखली नाही, म्हणून तर जुळली!"

महाराज इतके हसले की मुंडासं सुटलं. "शाबास, पोरी! माग, काय हवं ते माग!"

"दोन दणकट गाढवं द्या, महाराज. गाडगी वाहायला."

महाराजांनी आम्हा दोघांकडे निरखून पाहिलं. "ही चालतील का?"

रंगूनंही आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. "नको, महाराज! ही शिवेवर आली की थांबतात!"

महाराज पुन्हा हसायला लागले, आणि येसाजीराव तर त्यांच्याहून मोठ्यानं. रंगूला राजाच्या तबेल्यातली दोन तगडी गाढवं मिळाली. शिवाय दरवर्षी संमेलनात जेवण कुठं आणि पाणी कुठं, हे ठरवायचा अधिकारही तिलाच मिळाला. आम्हाला त्या दिवशीची शाल आणि नारळ तेवढे ठेवून घ्यायची परवानगी मिळाली.