भट्टीत घातलेली राखेची वीट

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या असतील, शब्दही साधेच आहेत. शाळा सातवीत सुटली, तेव्हा सांभाळून घ्या.

"उस्ताद, जी आगीत टिकत नाही, तिला वीट कशाला म्हणायचं?"

परसरामने पोतं उलटं केलं. करडे तुकडे आणि भुगा कासम उस्तादांच्या पायाशी पडला.

उस्तादांनी एक तुकडा उचलून बोटांत दाबला. तो भुरभुर सांडला.

"माझीच वीट दिसते."

"तुमचीच. आठ नेल्या होत्या. माझ्या लाल विटांच्या मधोमध रचल्या आणि भट्टी लावली. बारा दिवसांनी उघडली. माझ्या विटा खणखणीत. तुमच्या अशा."

"भाजायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच शिकवलंत की! आग दाखवल्याशिवाय विटेवर भरवसा ठेवायचा नाही."

उस्तादांनी बोटांवरचा भुगा झटकला.

शिकवलं होतं हे खरंच. परसरामला भट्टी लावायला शिकवली ती उस्तादांनीच. मग एके वर्षी त्यांनी स्वतःची भट्टी विझवली, ती कायमची. आता ते पलीकडच्या, कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राची राख आणत, तिच्यात चुना आणि रेती कालवत, साच्यात दाबून विटा काढत आणि पाणी मारून त्या पक्क्या करत. आग नाही, धूर नाही. आपला उस्ताद आगीला भ्याला, असं परसरामला वाटे. ते त्याला फार लागलं होतं.

पण आज तो वेगळ्याच कामाला आला होता. विटांसाठी लागणारा नदीकाठचा पोयटा खणून खणून संपला होता. उरलं होतं आईचं दोन एकर शेत. उद्या सकाळी तिथे जेसीबी येणार होता.

आई कालपासून बांधावर बसून होती. एवढंच म्हणाली, "कासमभाऊला विचारून ये. तो हो म्हणाला तर खोद."

"हो म्हणा, उस्ताद. कमरेएवढीच माती काढतो. खालची राहते की."

"खालची पिकते?"

परसरामला शेजारचं शेत आठवलं. चार वर्षांपूर्वी त्यानेच खोदलं होतं. आता तिथे डबकं होतं आणि भोवती बेशरमची झुडपं.

तो चिडला.

"राखेने कुणाचं घर उभं राहतं? म्हातारपणी अंगारा वाटायचा तर मठ काढा, विटा कशाला विकता?"

उस्ताद हसले. "काढला असता रे. पण राख फार आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की सगळं गाव न मागता अंगारा खातं. विहिरीसुद्धा."

परसराम हसला नाही.

उस्ताद उठले. आतून मूठभर मेथीचे दाणे आणून त्यांनी परसरामच्या हातावर ठेवले. मग दोन विटा त्याच्यासमोर मांडल्या. एक लाल, एक करडी.

"पेर."

"कुठे?"

"या लाल विटेत. तुझ्याच भट्टीतली आहे. फोड, भुगा कर आणि पेर."

"भाजलेल्या मातीत काय उगवणार, उस्ताद?"

"मग करडीत पेर."

"राखेत तरी काय उगवणार?"

"म्हणजे दोन्ही सारख्या?"

"सारख्याच."

"वीट व्हायच्या आधी?"

…

परसरामने दोन्ही विटांकडे पाहिलं. दाण्यांवर त्याची मूठ मिटली.

तो हळूच म्हणाला, "मला आगीशिवाय काही येत नाही, उस्ताद. भट्टी विझली तर मी कोण?"

उस्ताद खाली बसून सांडलेला भुगा सुपात भरत होते.

"हो की नाही, तेवढं तरी सांगा. आई वाट बघते आहे."

"जेसीबीवाला मला विचारणार नाही. तुला विचारेल."

सूप उचलून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता जेसीबी आला. आई बांधावरून हलली नाही. तिने मुलाकडे पाहिलंही नाही.

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "बोला शेठ, कुठून लावू?"

परसराम बकेटच्या लोखंडी दातांकडे बघत राहिला. इंजिन घरघरत होतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"शेठ, दिवस इथेच घालवायचा का?"

परसराम वर चढून त्याच्या शेजारी बसला.

"वळव."

"आता कुठे?"

"वीज केंद्राजवळच्या राखेच्या ढिगावर. उस्तादांची ट्रॉली भरायची आहे."

दहाच्या सुमाराला ट्रॉली उस्तादांच्या अंगणात रिकामी झाली. परसराम पायापासून केसांपर्यंत करडा झाला होता. उस्तादांनी त्याला शाबासकी दिली नाही, चहाही विचारला नाही. आदल्या दिवशी दाबलेल्या ओल्या विटांच्या रांगेपाशी त्याला नेलं आणि पाण्याची नळी त्याच्या हातात दिली.

"एकवीस दिवस यांना नुसतं पाणी घालत बसायचं, भट्टीवाल्या. आहे तेवढी धग तुझ्यात?"