दोघे बसले की डळमळणारी गाडी

एकदा एका गृहस्थाच्या मोटारसायकलीला असा विकार जडला की त्याचे निदान कोणालाच करता येईना. गृहस्थ एकटा बसला की गाडी रुळावरून जावी तशी सरळ जाई. मागे पत्नी बसली की मात्र वळणावर हँडल थरथरू लागे आणि कोणीतरी मागून ओढावी तशी गाडी भलत्याच बाजूला सरके.

गृहस्थाचे नाव जयसिंग. राहणारा पाटणचा. दूध संघाच्या शीतगृहातली यंत्रे सांभाळण्याचे त्याचे काम होते, त्यामुळे यंत्राचे दुखणे कसे शोधावे हे त्याला शिकवावे लागत नव्हते. पत्नी सुवर्णा चिपळूणची. तिची आई तिथे एकटीच राहत असे. आईच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते. म्हणून दर शनिवारी ही दोघे कुंभार्ली घाट उतरून आईकडे जात आणि संध्याकाळपर्यंत परत येत.

अशाच एका शनिवारी घाटातल्या एका वळणावर समोरून ट्रक आला. जयसिंगने गाडी वळवली, पण ती वळायला हवी होती तितकी वळली नाही. रस्त्याकडेच्या खडीवर चाक घसरले आणि दोघेही पडले. वेग कमी होता म्हणून निभावले. जयसिंगच्या अंगात जाड जाकीट, हातात मोजे, गुडघ्यांना कवच. त्याला खरचटलेदेखील नाही. सुवर्णाच्या कोपराला मात्र चार टाके पडले.

तिने आरडाओरडा केला नाही की दोषही दिला नाही. पुढच्या शुक्रवारी भाकऱ्या करता करता ती एवढेच म्हणाली, "उद्या मी एसटीनं जाईन. तुम्ही मुद्दाम नका येऊ."

"अगं, गाडी दुरुस्त करून घेतो मी."

"घ्या की. मी कुठं नको म्हणते?"

ती रागावली आहे, घाबरली आहे की तिला खरोखरच एसटी सोयीची वाटते, हे जयसिंगला उमजेना. मग त्याने स्वतःशी ठरवून टाकले की दोष गाडीतच आहे. तो सापडला की सारे पूर्ववत होईल.

पाटणला पेट्रोल पंपाशेजारच्या चहाच्या हॉटेलात दर रविवारी सकाळी आठ-नऊ मोटारसायकलवाले जमत. कोणाची गाडी किती जुनी, कोणते तेल घालावे, पाठ दुखू नये म्हणून काय करावे, कोणते हेल्मेट कानाला टोचत नाही, अशा गोष्टींत त्यांचे दोन तास सहज जात. सल्ला देण्यात कोणी हात आखडता घेत नसे. जयसिंगने आपली अडचण त्यांच्यापुढे मांडली.

"मागच्या चाकात हवा कमी आहे," बी-बियाण्यांचे दुकान चालवणारे गृहस्थ म्हणाले. "दोघं बसताना वाढवायची असते."

"वाढवू नका, कमी करा," हायस्कूलचे क्रीडाशिक्षक म्हणाले. "टणक चाक खडीवर उडतं. मी तर कायम कमीच ठेवतो."

नलवडे नावाचे फोटोग्राफर होते. त्यांनी उठून गाडी दोनदा दाबून पाहिली. "शॉकअप गेलेत. आणि हे हँडल तुला खाली पडतं. वर उचलून घे. पाठ सरळ राहिली की ताबा येतो."

जयसिंगने सगळ्यांचे ऐकले. एका आठवड्यात हवा वाढवली, दुसऱ्यात कमी केली. शॉकअप बदलले. हँडल उंच करून घेतले. पुढच्या सीटवर, म्हणजे स्वतःपुरती, मऊ, उंच गादी बसवली. मागे सामानाची पेटी बसवण्यासाठी मागच्या माणसाने धरायचा दांडा काढावा लागला होता; पेटीच्या वजनाने गाडी डोलत असेल असे कोणीतरी सुचवले, तेव्हा पेटीही काढली. दांडा मात्र पुन्हा बसवायचा राहून गेला. प्रत्येक बदलानंतर तो सुवर्णाला विनवून बाजारपेठेपर्यंत एक फेरी मारून आणी. आणि प्रत्येक वेळी तहसील कचेरीच्या वळणावर हँडल थरथरेच.

"आता बरी वाटते का गं?"

"बरी आहे," ती म्हणे आणि उतरून घरात जाई.

शेवटी जयसिंगने एक प्रयोग केला. सुवर्णाच्या वजनाएवढे तांदळाचे पोते मागच्या सीटवर करकचून बांधले आणि थेट कोयनानगरपर्यंत जाऊन आला. एकाही वळणावर गाडी डळमळली नाही. आता तर तो पुरताच चक्रावला. तेच वजन, तीच जागा, तोच रस्ता. पोते नेले तर सरळ आणि पत्नी नेली तर वाकडी, असे कोणते यंत्र वागते?

रविवारी त्याने हे सांगितले तेव्हा हॉटेलात हशा पिकला. नलवडे म्हणाले, "मग गाडीत दोष नाही, जयसिंगराव. वहिनींनाच एकदा सर्व्हिसिंगला न्या!"

जयसिंग हसला नाही. चहा अर्धा टाकून उठला. त्याला नलवड्यांचा राग आला होता; पण वाटेत त्याच्या लक्षात आले की त्या थट्टेचे उत्तर आपल्यापाशी नाही, आणि तो अधिकच खिन्न झाला.

पाटणपासून थोड्या अंतरावर हणमंतराव लोहार राहत. वय बहात्तर. आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षे मुलांना इंजिने उघडायला आणि जोडायला शिकवले होते. जयसिंग त्यांचाच विद्यार्थी. तो गेला तेव्हा ते अंगणात बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते.

त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. हवा, शॉकअप, हँडल, पोते, सारे. पण गाडीकडे त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही.

"सर, जरा चाक फिरवून तरी बघा."

"चाक ठीक असणार. पोत्यानं सांगितलंच की तुला." ते उठले. "असं कर, घरी जा आणि सूनबाईंचं हेल्मेट घेऊन ये."

"तिचं? माझं आहे ना हे."

"तुझं मी घालणार आहे. तुझं जाकीटही दे जाताना काढून."

जयसिंगला काही कळेना. तरी शिक्षकांचा शब्द. तो गेला आणि हेल्मेट घेऊन आला. हणमंतरावांनी त्याचे जाकीट चढवले, हेल्मेट घातले, मोजे घातले आणि गाडीवर पुढे बसले.

"किल्ली दे. तू मागं बस. आणि आपण परत येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

"सर, तुम्ही या वयात..."

"एक अक्षर नाही म्हटलं ना?"

गाडी कोयनानगरच्या रस्त्याला लागली. हा रस्ता जयसिंगला तळहातासारखा ठाऊक होता. तरीही पहिल्याच गतिरोधकावर तो सीटवरून वीतभर उडाला, कारण गतिरोधक आलेला त्याला दिसलाच नव्हता. त्याच्यापुढे होती ती फक्त एक काळी पाठ आणि हेल्मेटची मागची बाजू. पुढची गादी उंच केल्यामुळे ती पाठ आणखीच उंच झाली होती. आता वळण येणार की खड्डा, ब्रेक लागणार की वेग वाढणार, काही म्हणता काही कळत नव्हते.

त्याने हाताने मागे चाचपले. धरायला दांडा नव्हता. जाकीट धरू पाहिले तर ते कापड गुळगुळीत, खांद्यावर टणक कवच. बोटे घसरू लागली. तेवढ्यात वारा भरून त्याने घातलेले सुवर्णाचे हेल्मेट वर उचलले गेले. त्याचा पट्टा लागतच नव्हता. कधी तुटला होता, कोणास ठाऊक. जयसिंगने एका हाताने हेल्मेट डोक्यावर दाबून धरले. आता उरला एकच हात.

हणमंतराव सावकाश चालवतील ही त्याची अपेक्षा होती. पण ते अगदी त्याच्याच वेगाने चालले होते. एका टेम्पोला त्यांनी ओलांडले आणि लगेच डावे वळण आले. गाडी डावीकडे कलली. दरीची बाजू एकदम अंगावर आल्यासारखी झाली. जयसिंगचे सारे शरीर न विचारता उजवीकडे फेकले गेले आणि त्या एका हाताने त्याने जाकीट मुठीत गच्च आवळले.

हँडल थरथरले. गाडी वळणाच्या बाहेर, रस्त्याच्या मधोमध सरकली.

हणमंतरावांनी ती सावरली आणि एका आंब्याखाली थांबवली. इंजिन बंद केले.

"आता बोललास तरी चालेल," ते म्हणाले. "गाडी कुठं ओढली गेली?"

"उजवीकडे."

"कुणी ओढली?"

जयसिंग उतरून आपल्या मुठीकडे पाहू लागला. बोटांची पेरे अजून पांढरी होती.

हणमंतरावांनी हेल्मेट काढले. घाम पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी तुला शिकवलं होतं, की बिघाड शोधताना यंत्रावर बसलेला माणूसही यंत्राचाच भाग धरायचा. तू माझा हुशार विद्यार्थी. तरी ते तुझ्याकडून निसटलं. तू आठ-नऊ जणांचा सल्ला घेतलास. माणसं चांगली आहेत, खोटं कुणी सांगितलं नाही. पण ते सगळे पुढं बसणारे. त्यांनी आपापली पाठ आणि आपापले हात सांगितले. जी मागं बसते, तिला तू विचारलंस का?"

"विचारलं, सर. दर वेळी विचारलं. ती म्हणते, बरी आहे."

"तू गाडी बरी आहे का विचारलंस. ती म्हणाली, बरी आहे. खरंच तर बोलली." त्यांनी हातातले हेल्मेट पुढे धरले. "तुझ्या कानाला वारा, डोक्याला जाड टोप. तिचं तोंडानं बोललेलं तुला ऐकू येत नव्हतं. मग तिचं भय तिच्या हातातून तुझ्या खांद्यात आणि खांद्यातून हँडलपर्यंत येत होतं. तू त्याला बिघाड म्हणालास."

परतीच्या वाटेवर हणमंतराव मागे बसले आणि जयसिंगने गाडी चालवली. आपण इतकी वर्षे नक्की काय करत होतो, हेच त्याला समजेना. आपण चांगले पती आहोत असे तो मानत आला होता. दर शनिवारी न चुकता तिला माहेरी नेणारा पती. ते खोटे नव्हते. मग तिला कधी नीट न विचारणारा पतीही आपणच, हे तरी खोटे कसे म्हणावे?

घरी येऊन काय विचारावे हेही त्याला सुचेना. सुवर्णा निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"तुझ्या हेल्मेटचा पट्टा कधी तुटला?"

तिने मान वर करून पाहिले. "दिवाळीच्या आधी."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही चेनला तेल घालत होता. हो हो म्हणालात."

मग त्याने विचारले, "मागं बसून कसं वाटतं तुला?"

सुवर्णा सुपातला तांदूळ उगाचच सारखा करत राहिली. "मला वळण दिसत नाही," ती म्हणाली. "तुमची पाठ दिसते. पडलो त्या दिवशी मी दोनदा हळू म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं असेल असं वाटलं मला. ऐकूनही गेलात, असं वाटलं." मग जराशाने म्हणाली, "त्याचंच जास्त लागलं. कोपराचं काय, बरं झालं ते."

दुसऱ्या दिवशी जयसिंगने मागचा दांडा बसवून घेतला, उंच गादी काढून टाकली आणि सुवर्णाला दुकानात नेऊन तिच्या मापाचे हेल्मेट तिलाच निवडू दिले. पण शनिवारी चल असे तो म्हणाला नाही. शनिवारी सकाळी तीच पिशवी घेऊन बाहेर आली आणि गाडीपाशी उभी राहिली.

घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली. "घाट लगेच उतरायचा, की जरा थांबायचं?"

"थांबू," ती म्हणाली.

ते पाव तास थांबले. ट्रक येत-जात होते. खाली कोकण धूसर दिसत होते. सुवर्णा कठड्यापाशी उभी राहून पाहत होती. या घाटातून ती शेकडो वेळा गेली होती, पण थांबली कधीच नव्हती. मग तीच म्हणाली, "चला."

जयसिंग प्रत्येक वळणाआधी मोठ्याने सांगू लागला. डावं आलं. आता उजवं. पुढं खड्डा आहे. चौथ्या वळणानंतर त्याच्या खांद्यावर तिचा हात आला आणि ती त्याच्याआधीच म्हणाली, "उजवं." गाडी सरळ चालली होती. आणि एकदम, निम्म्या घाटात, हँडल पुन्हा थरथरले.

वेग कमी करून त्याने विचारले, "काय झालं? भ्यालीस?"

"नाही हो. माकड बघत होते. पिल्लाला पोटाशी धरून बसलंय, ते बघा."

त्याने गाडी कडेला घेतली. दोघांनी माकड पाहिले.

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले होते; काळा चष्मा होता, त्यामुळे तिला नीटसे दिसत नव्हते. पावले ऐकून तिने विचारले, "सुवर्णा का? आज लवकर आलीस. जावईबापूंनी आणलं वाटतं?"

जयसिंग हो म्हणणार होता. तेवढ्यात सुवर्णाने हेल्मेट काढून ओट्यावर ठेवले.

"आणलं नाही गं," ती म्हणाली. "दोघं मिळून आलो."