खडबडीत दगड, ओबडधोबड दगड

एका जंगलात ओढ्याकाठच्या कपारीत एक रानमांजरी राहत असे. तिला पिल्ले तीन आणि काळज्या तीनशे. पान हलले तरी ती पिल्लांना पंजाखाली ओढून घेई. एके दिवशी वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि ओढ्याचे पाणी कपारीकडे चढू लागले. पिल्लांचे डोळेही अजून उघडले नव्हते. त्यांना पलीकडच्या उंच काठावर नेणे भागच होते.

ओढ्यात दगडांच्या दोन रांगा होत्या. काठावरचे म्हातारे कासव म्हणाले, "पोरी, खडबडीत दगडांवरून जा. ओबडधोबड दगडांच्या वाटेला जाऊ नकोस."

"दोन्ही एकच की हो, आजोबा," असे म्हणत ती पळालीसुद्धा. घाबरलेल्या जिवाला अर्धेच ऐकू येते. तिने लांबूनच पाहिले. एका रांगेतले दगड सपाट होते, दुसरीतल्या दगडांना जागोजागी टेंगळे होती. टेंगळांना पाय अडेल, हेच खडबडीत, असे तिने ठरवले आणि एक पिल्लू तोंडात धरून निघाली. तिसऱ्याच दगडावर तिचा पाय सर्रकन घसरला. टेंगळे खरी, पण पाण्याने झिजून गुळगुळीत झालेली. पिल्लू पाण्यात पडले. झडप घालून तिने त्याची शेपटी पकडली, म्हणून ते वाचले. ती त्याला घेऊन माघारी आली.

कासव म्हणाले, "अगं, ओबडधोबड असतो तो आकार. तो डोळ्यांना दिसतो. खडबडीत असते ते अंग. ते पायालाच कळते. त्या सपाट दगडावर पंजा ठेवून तर बघ."

तिने पंजा ठेवला. नुकतीच टाकी लावून खरखरीत केलेल्या पाट्यासारखा तो दगड पंजाला लागला. पाय जागचा हलेना. भिजलेले पिल्लू पलीकडे पोहोचले, मग दुसरेही. तिसऱ्याच्या वेळी मात्र दगड गढूळ पाण्याखाली गेले. डोळ्यांना काही दिसेना, आणि तोंडात पिल्लू असताना विचारणार तरी कसे? ती एकेक पंजा पाण्यात घालून चाचपू लागली. खडबडीत लागले की पुढे, गुळगुळीत लागले की मागे. पाणी वाढत होते, पण पाय घाई करत नव्हते.

पलीकडे पोहोचून तिने मागे पाहिले, तर कपार बुडाली होती. तिने पिल्ले मोजली. तीनच होती, तरी दोनदा मोजली.

तात्पर्य : सारखे वाटणारे दोन शब्द जिवावर बेतेपर्यंत सारखेच वाटतात, म्हणून पाऊल टाकण्याआधी सांगणाऱ्याला नीट विचारून घ्यावे.