नथूचा ध्रुव

एका गावात नथू नावाचा एक भोळा राहत होता. गावात शहाणे उदंड होते, म्हणून एक भोळा खपून जायचा. ही दुर्बिणींच्या आधीची गोष्ट. आभाळ वाचायला गावाकडे डोळे होते, पाण्याची परात होती आणि विसूकाका जोशी होते. विसूकाका सांगत ते खरं असे. नथू ते नीट ऐकूनही घेई. घोटाळा व्हायचा तो त्यानंतर.

नथूच्या आईला, सगुणाला, एकच ध्यास होता. घरात सून यावी. पण नथूला मुलगी देणार कोण?

एका संध्याकाळी नथूनं विळा बांधावर ठेवला आणि खुणेसाठी वर बघितलं. बरोबर डोक्यावर एक ठळक चांदणी होती. सकाळी तो विळा आणायला गेला. चांदणी नव्हती. मग तिच्याखालचा विळा तरी कसा असेल? तो हात हलवत परत आला.

विसूकाकांनी कपाळावर हात मारला. "अरे, तारे फिरतात. ध्रुव तेवढा हलत नाही. वाट चुकलास तर जो हलत नाही त्याच्यावर नजर ठेवावी."

"ठेवलं ध्यानात, काका."

आणि त्यानं खरंच ठेवलं.

पुढच्या बाजारी तो भरदुपारी वाट चुकला. न हलणारं काय आहे ते बघू लागला. झाडं हलत होती. ढग हलत होते. रस्त्यात मधोमध एक म्हैस बसली होती. एक गाडीवाला तिला उठवून उठवून दमला होता, पण ती शेपूटसुद्धा हलवेना.

"हाच ध्रुव," नथू म्हणाला आणि तिच्यावर नजर ठेवून बसला.

दिवस कलल्यावर ध्रुव उठला आणि चालू लागला. नथू मागोमाग. ध्रुव थेट शेजारच्या गावात कोंडिबाच्या गोठ्यात शिरला. कोंडिबा ती म्हैस शोधून शोधून रडकुंडीला आला होता.

"पोरा, तू राखलीस माझी म्हस?"

"नजर ठेवली."

कोंडिबाला भरून आलं. इतका इमानी पोरगा! त्यानं आपल्या येसूसाठी नथूच्या घरी सांगावा धाडला.

सगुणा आधी हसली, मग रडली, मग घाबरली. लग्नात नवऱ्यानं नवरीला अरुंधतीचा तारा दाखवायचा असतो. ज्याला विळा सापडत नाही त्याला अरुंधती काय सापडणार? तिनं नथूला काकांकडे पिटाळलं.

"अरुंधती अगदी बारीक असते," काका म्हणाले. "म्हणून आधी शेजारचा मोठा तारा दाखवायचा आणि म्हणायचं, ही बघ. नजर बसली की म्हणायचं, ही नव्हे, हिला चिकटून बारीक आहे ती."

"ठेवलं ध्यानात, काका."

दुसऱ्याच दिवशी कोंडिबा घर बघायला आला. नथूनं त्याला पाटलांच्या दुमजली घरी नेलं. "हे बघा." कोंडिबा हरखला. वहाणा काढून झोपाळ्यावर बसला, गूळपाणी घेतलं. त्याची नजर नीट बसू दिल्यावर नथू म्हणाला, "हे नव्हे. ह्याला चिकटून बारीक आहे ते."

कोंडिबानं वहाणा घातल्या. "म्हशीचे उपकार आहेत म्हणून गप बसतो. पण आणखी एक खुळेपणा केलास, तर लगीन मोडलं म्हणून समज!"

सगुणानं देव पाण्यात घातले.

त्यात सूर्याला ग्रहण आलं. काकांनी नथूला आधीच बजावलं, "बिंब झाकायला लागलं की ओरडायचं, दे दान, सुटे गिऱ्हाण! हातात असेल ते दान करायचं. बिंब मोकळं झालं की आंघोळ." नथूनं परातीतल्या शेणपाण्यात सूर्य बघितला. ओरडला. हातातली भाकरी देऊन टाकली. आंघोळ केली. काही म्हणजे काही चुकलं नाही. सगुणानं देवापुढे साखर ठेवली.

"शाब्बास," काका म्हणाले. "नेहमी असंच करत जा."

इथे काकांचं चुकलं.

लग्न कोंडिबाच्या अंगणात, गोरज मुहूर्तावर होतं. हातात हार घेऊन नथू पाटावर उभा राहिला. समोर येसू. तिचं तोंड गोल आणि तेजस्वी होतं. तेवढ्यात दोघांनी मधे अंतरपाट धरला. आधी हनुवटी झाकली. मग नाक. मग कपाळ.

"दे दान, सुटे गिऱ्हाण!" नथू ओरडला.

काका मंगलाष्टकं म्हणत राहिले, कारण मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. नथूनं दान घ्यायला कोण आहे ते बघितलं. येसूच्या शेजारच्या खांबाला तीच म्हैस आंदण म्हणून बांधली होती. तिनं मान पुढे केली. नथूनं हार तिच्या गळ्यात घातला. नेमका त्याच क्षणी अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. बिंब मोकळं झालेलं बघून नथूनं अंगणातल्या विहिरीत उडी मारली.

"म्हशीशी लगीन लावलंस?" कोंडिबा काठावरून किंचाळला.

"ती नव्हे, मामा," नथू खालून म्हणाला. "तिला चिकटून बारीक उभी आहे ती."

"मोडलं! लगीन मोडलं!"

तेव्हा येसू पुढे झाली.

"बाबा, थांबा. सांगितलेलं एक अक्षर विसरत नाही असा दुसरा नवरा पंचक्रोशीत दाखवा. मग मोडा."

मांडवातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं. कोंडिबाच्या बायकोनंही बघितलं. कोंडिबा दोर आणायला गेला. नथूला दोर टाकून वर काढलं. पहिला हार म्हशीनं खाल्ला होता, म्हणून दुसरा आणला. लग्न लागलं. सगुणानं पदरानं डोळे पुसले. आता कसली भीती उरली नव्हती.

चांदण्या उगवल्या. काकांनी या खेपेला धोका पत्करला नाही. अरुंधती आणि ध्रुव स्वतःच दाखवले आणि आशीर्वाद दिला, "नथू, ध्रुवासारखा अढळ राहा. कोणी काही म्हणो, जागचा हलू नकोस."

"ठेवलं ध्यानात, काका."

वरात निघाली. पुढच्या गाडीला वाटलं नवरा मागच्या गाडीत आहे. मागच्या गाडीला वाटलं पुढच्या. सगुणा आधीच घरी येऊन दारात ओवाळायला तबक घेऊन उभी राहिली. येसू गाडीतून उतरली, तिच्यामागून करवली उतरली, मग बैल सोडले. आणखी कोणी उतरलं नाही.

तिकडे कोंडिबाच्या अंगणात नथू उत्तरेकडे तोंड करून उभा होता. कोंडिबा त्याला ओढत होता, ढकलत होता, पाया पडत होता. नथू हलला नाही. शेजारी दावं सुटलेली ती म्हैस बसली होती.

शेवटी म्हैसच कंटाळून उठून गेली.